आयफोनवर साइट मोडते आणि माझ्याकडे मॅक नाही: ब्राउझर टेस्टिंग कशी करता?

फुटाळाकाठ
मंगळवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

मी नागपुरात एकटीच वेबसाइटची कामं घेते. सध्याचं काम संत्रा बर्फी करणाऱ्या एका काका-काकूंचं. गांधीबागेकडे लहानसं दुकान. दिवाळीला पुण्या-मुंबईहून इतके फोन येतात की ऑर्डरी वहीत उतरवता उतरवता काकूंना कढईकडे बघायला वेळ मिळत नाही, म्हणून साइट. सहा प्रकार, कार्ट, यूपीआय, सगळा मजकूर मराठीत. माझ्या विंडोज लॅपटॉपवर क्रोममध्ये चोख चालून राहिली होती. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये, म्हणजे डेव्हलपरसाठीच्या हत्यारांमध्ये, आयफोन निवडूनही पाहिली, तिथेही काही तक्रार नव्हती.

रविवारी काकांनी लिंक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तासाभरात मला नऊ स्क्रीनशॉट आले.

पुण्याच्या भाचीचा आयफोन नवाकोरा. तिला 'ऑर्डर करा' बटणाचा फक्त वरचा काठ दिसतो, बाकी बटण ब्राउझरच्या खालच्या पट्टीमागे. तिच्या सासूबाईंकडे आयफोन ७, त्यावर पान पांढरं फट्ट. लोगोसुद्धा नाही. मी सांगितलं म्हणून त्यांनी क्रोम उतरवून पाहिलं, तरी पांढरंच. दुकानातल्या मुनीमजींचा संगणक विंडोज ७ वर आहे, तिथे क्रोममध्ये सगळे बॉक्स एकाखाली एक, रंग गायब, जणू कुणी १९९८ साली बनवलेलं पान. आणि कऱ्हाडच्या आत्यांनी पत्ता भरला तर पावतीवर छापून आलं 'कर्हाड'. आत्यांनी काकांना थेट फोन करून विचारलं, ही मुलगी मराठीच आहे ना?

तर विचारायचं असं, तुम्ही लोक किती ब्राउझरवर तपासता, आणि मॅक-आयफोन नसताना ॲपलच्या सफारी ब्राउझरचं कसं निभावता? भाड्याच्या ऑनलाइन सेवा आहेत हे माहीत आहे, पण काकांनी ठरवलेल्या पैशात मॅक काय, मॅकचा चार्जरही बसणार नाही. दसऱ्याला साइट सुरू करायची आहे.


इतवारी_एक्सप्रेस
मंगळवार, रात्री ११.४१

ब्राउझरस्टॅक घ्या. मुंबईत २०११ साली सुरू झालेली कंपनी आहे, खरे फोन आणि खरे ब्राउझर भाड्यानं वापरायला मिळतात. एका महिन्याचे पैसे क्लायंटच्या बिलात लावा. विषय संपला.


वऱ्हाडी_झेड
मंगळवार, रात्री ११.५२

विषय कसा संपला बे? ताईनं पैसे नाही म्हणून वरतीच लिहिलं ना. पयले वाचत जा गा.

ताई, कर्हाड वाचून लय हसलो. पण आत्याचं बरोबर हाये.


टेस्टिंगताई
बुधवार, सकाळी ९.०५

अकरा वर्षं हेच काम करते आहे. परसोडीच्या आयटी पार्कात सुरुवात केली, आता घरून. तुमच्या तक्रारी माझ्या ओळखीच्या आहेत, पण आधी त्या डेव्हटूल्सच्या आयफोनबद्दल.

तिथे आयफोन निवडला की क्रोम खिडकीचं माप बदलतं, बोटाच्या स्पर्शाची नक्कल करतं आणि सर्व्हरला 'मी आयफोन बोलतोय' असं सांगतं. पान रंगवणारं इंजिन तेच राहतं. शेजारच्या गण्याला फेटा बांधला म्हणून तो नवरदेव होत नाही.

ब्राउझरांची नावं पंधरा असोत, इंजिनं तीन धरायची. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट हे सगळे ब्लिंकवर. फायरफॉक्स गेकोवर. सफारी वेबकिटवर. ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिटमधूनच वेगळं निघालं, पण भावकी वेगळी झाली की बांधही वेगळे पडतात, तसं झालंय. एजनं जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, बिऱ्हाड हलवलं, त्यामुळे क्रोम नीट तपासलं असेल तर एज मी वरवर बघते. आयफोनची गोष्ट मात्र निराळी. तिथे ॲपलचा नियम असा की ॲप स्टोअरमधून कुठलाही ब्राउझर उतरवा, आत वेबकिटच. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून या नियमाला सूट आहे, आपल्याकडे नाही. म्हणून सासूबाईंनी क्रोम उतरवूनही काही फरक पडला नाही. वरचा रंग बदलला, इंजिन तेच.

आता त्यांचं पांढरं पान. पान पूर्ण पांढरं असेल तर जावास्क्रिप्ट, म्हणजे पानामागचा प्रोग्राम, सुरू व्हायच्या आधीच आडवी झाली असं समजायचं. आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे जात नाही, आणि आयफोनवर सफारी आयओएसच्या पोटात येते, तिला वेगळं अपडेट नसतं. तुमच्या कोडात फोन नंबर किंवा पिनकोड तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा साचा जुळवणारी ओळ, असेल, त्यात लुकबिहाइंड, म्हणजे 'याच्या आधी काय आलंय' ते बघणारा भाग, आहे का ते शोधा. क्रोमला ते २०१७ पासून येतं. सफारीला आलं मार्च २०२३ मध्ये, १६.४ ला. आणि जुनी सफारी तेवढी ओळ सोडून पुढे जात नाही, अख्खी फाइल नाकारते. तुमची सगळी साइट त्या एका फाइलीतून उभी राहत असेल तर लोगोसुद्धा दिसणार नाही. नवी जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांसाठी बदलणारं बेबेल हे बदलून देत नाही, हातानंच साधं करून लिहावं लागतं. माझी स्वतःची एक आख्खी रात्र यात गेली आहे, म्हणून पहिला संशय इथेच.

बटणाचं सोपं आहे. चौकटीची उंची १०० व्हीएच, म्हणजे पडद्याएवढी, दिली असणार. आयफोनवर व्हीएच मोजतात ते पत्त्याची पट्टी आकसलेली धरून. पट्टी उघडी असली की तेवढी जागा नसते आणि खालचा भाग झाकला जातो. डीव्हीएच हे एकक वापरा, ते पट्टीप्रमाणे कमीजास्त होतं. सफारी १५.४, फायरफॉक्स १०१, क्रोम १०८ पासून आहे. वरच्या ओळीत व्हीएच राहू द्या, खालच्या ओळीत डीव्हीएच. ज्या ब्राउझरला कळत नाही तो खालची ओळ गपचूप सोडतो. सीएसएसचा, म्हणजे पानाची मांडणी आणि रंग सांगणाऱ्या भाषेचा, स्वभाव असा सोशिक आहे, जावास्क्रिप्टचा नाही.

मुनीमजी. विंडोज ७ ला शेवटचं मिळालेलं क्रोम म्हणजे १०९, जानेवारी २०२३ चं. तुम्ही नियमाच्या आत नियम, म्हणजे नेस्टिंग, थेट सीएसएसमध्ये लिहिलंय ना? ते क्रोम ११२ पासून चालतं. १०९ ला आतलं काहीच कळत नाही, म्हणून १९९८. सॅस किंवा पोस्टसीएसएस या हत्यारांकडून बिल्डच्या वेळी सपाट करून घ्या. ब्राउझरस्लिस्टमध्ये क्रोम १०९ आणि आयओएस १५ असं लिहून टाका, म्हणजे हत्यारांना कळेल कुठवर मागे जायचं.

आत्यांचं प्रकरण ब्राउझरचं वाटत नाही. कोणी देवनागरीवाला येईल, त्याला विचारा.

किती ब्राउझर, तर उलट विचारा: बर्फी कोण घेणार? तुमच्यापुरतं मी असं करीन. एक स्वस्तातला अँड्रॉइड आणि त्यावर क्रोम, हा सगळ्यात महत्त्वाचा, माझे निम्म्याहून जास्त तास यावर जातात. आयफोन दोन, एक नवा आणि एक आयओएस १५ वर अडकलेला. लॅपटॉपवर क्रोम रोज, फायरफॉक्स आठवड्यातून एकदा. आणि मुनीमजींचं यंत्र, कारण ऑर्डरी तेच काढणार. बाकी सोडून द्या. चाळीस चौकटींचा तक्ता भरणारे मी पुष्कळ पाहिलेत. तक्ता सगळा हिरवा आणि गिऱ्हाईक लाल.


जुनाजाणता
बुधवार, दुपारी २.३०

देवनागरीवाला आला.

फुटाळाकाठ, तुमच्या फॉर्ममध्ये 'अक्षरं आणि आकडे सोडून बाकी सगळं काढून टाका' अशी एखादी ओळ आहे का? असणारच, सगळे लिहितात. आता बघा, ऱ्ह संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक, खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून. दुसरी तऱ्हा म्हणजे साध्या र चा पाय मोडून त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवायचं, झेडडब्ल्यूजे म्हणतात ते. कोणत्या फोनचा कोणता कीबोर्ड कुठली वाट धरेल याचा नेम नाही. आत्यांच्या कीबोर्डानं दुसरी धरली. तुमच्या साफसफाईच्या ओळीनं ते न दिसणारं चिन्ह कचरा समजून उचललं, आणि मागे उरला रफार. कऱ्हाडचं कर्हाड, वऱ्हाडचं वर्हाड. ब्राउझर बिचारा निर्दोष. साठवायच्या आधी दोन्ही रूपांचं एकच करून घ्या, नाहीतर उद्या ऑर्डरींमध्ये 'कऱ्हाड' शोधाल तेव्हा अर्धीच सापडतील.

हा प्रकार मी तुमच्या वयाचा असल्यापासून बघतोय. २००० च्या आसपास मराठी साइटच्या तळाशी ठरलेली ओळ असायची, 'इंटरनेट एक्सप्लोररवर ८०० बाय ६०० मध्ये उत्तम दिसेल'. फॉन्ट पानाबरोबर यायचा, पण एक्सप्लोररला ईओटी लागे आणि नेटस्केपला पीएफआर. एकाच फॉन्टचे दोन साचे करायचे. ज्याचा चुकला त्याला बातमीच्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसायची. मग युनिकोड रुळलं आणि आम्ही म्हटलं, सुटलो बुवा.

पुरते सुटलो नाही. फॉन्ट तुम्ही दिला नाहीत तर विंडोजवर निर्मला लागतो, आयफोनवर कोहिनूर, बहुतेक अँड्रॉइडवर नोटो. तिघांची रुंदी वेगळी, म्हणून एकाच मापाच्या बटणात 'कार्टमध्ये टाका' तुमच्याकडे एका ओळीत मावतं आणि भाचीकडे दोन ओळी होतात. काना-मात्रा-जोडाक्षर जुळवण्याचं काम क्रोम आणि फायरफॉक्स हार्फबझकडून करून घेतात, सफारी ॲपलच्या कोअरटेक्स्टकडून, त्यामुळे अवघड जोडाक्षरं दोन्हीकडे डोळ्यांनी बघावीच लागतात. स्वतःचा वेबफॉन्ट द्या, निम्मी डोकेदुखी जाईल.

दोन गोष्टी इंग्रजी डिझाइनमधून उचलून आणू नका. अक्षरांमधलं अंतर वाढवणं ही एक. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, मराठीत शिरोरेषेचे तुकडे होतात. आणि ओळीची उंची १.० ठेवणं ही दुसरी. वेलांटी, रफार, अनुस्वार, सगळं वरून छाटलं जातं. मी १.५ च्या खाली उतरत नाही. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला विसरू नका, फॉन्टात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. नाहीतर हिंदी वळणाचे, आणि आत्यांचा पुन्हा फोन.


महाल_ते_मिहान
बुधवार, सायंकाळी ७.१५

प्लेराइट कोणी सांगितलं नाही अजून? ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारं हत्यार, मायक्रोसॉफ्टचं आहे, २०२० पासून, फुकट. क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही स्वतःच उतरवून देतं, विंडोजवरसुद्धा. एक छोटी स्क्रिप्ट लिहायची: बर्फी कार्टमध्ये टाक, पत्ता भर, बटण दिसतं का बघ, फोटो काढ. तिन्ही इंजिनांत एका दमात चालते. मी दर बदलानंतर चालवतो आणि चहा आणायला जातो. परत येईपर्यंत कुठे मोडलं ते समोर असतं.


इतवारी_एक्सप्रेस
बुधवार, सायंकाळी ७.४०

सेलेनियम शिका. तसलंच हत्यार, २००४ पासून टिकून आहे, त्यातून निघालेलं वेबड्रायव्हर तर २०१८ ला वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानक झालं. मुलाखतीत सगळे तेच विचारतात.


वऱ्हाडी_झेड
बुधवार, सायंकाळी ७.४४

ताईले मुलाखत नाही द्यायची भाऊ, बर्फी इकायची हाये.


टेस्टिंगताई
बुधवार, रात्री ९.२०

😄 सेलेनियम चांगलंच आहे, पण एकटीनं सहा उत्पादनांची साइट तपासायला प्लेराइट लवकर हाताशी येतं, माझंही मत तेच.

फक्त एक ध्यानात ठेवा. प्लेराइटचं वेबकिट म्हणजे भाचीच्या हातातली सफारी नव्हे. इंजिन त्याच घराण्याचं, पण पत्त्याची पट्टी नाही, वर येणारा कीबोर्ड नाही, आणि आवृत्ती ताजी. म्हणजे तुमच्या चार तक्रारींपैकी बटण आणि पांढरं पान, दोन्ही त्यातून निसटली असती. रचना मोडली तर ते पकडेल, बोटांचा अनुभव नाही पकडणार. कुणाकडे लिनक्स असेल तर ग्नोम वेब हा ब्राउझरही वेबकिटवर चालतो, झटपट नजर टाकायला बरा. विंडोजसाठीची सफारी मात्र कुठून शोधून उतरवू नका, ती ५.१.७ वर २०१२ सालीच थांबली आहे. गेल्या वर्षी एका नवीन मुलानं आठवडाभर त्यात चुका शोधल्या होत्या.

आयफोन ७ कुठे मिळाला तर मॅकशिवायही त्यातली चूक वाचता येते. पानात सगळ्यात आधी चार ओळींची वेगळी स्क्रिप्ट ठेवा, जी कुठलीही चूक झाली की ती पानावरच छापेल. वेगळीच हवी, मोठ्या फाइलीत घातलीत तर तीही फाइलीबरोबर जाईल. एरुडा नावाचं एक खेळणं आहे, ते फोनच्या पडद्यावरच चुका दाखवणारा कन्सोल उघडून देतं, तेही घाला. काम झालं की काढा! मी एकदा विसरले होते.


वऱ्हाडी_झेड
बुधवार, रात्री ९.५८

ताई, माह्यं ऐका. हे समदं करा, पण एक काम फुकटचं हाये.

सकाळी आठ वाजता तर्री पोह्याच्या कुठल्याबी ठेल्यावर जा. साइटचा क्यूआर छापून संगं न्या. पोहे खाणाऱ्या लोकाईले म्हणा, भाऊ जरा हे उघडून पाहता का, पोहे माह्याकडून. एका घंट्यात तुमाले पंधरा फोन भेटतीन, अन् त्यातले धा असे की आपन कंदी नावबी नाही आयकलं. तुमी बोलू नका, फक्त बोट कुठं अडकते ते पाहा. मी आमच्या कास्तकारांच्या ॲपसाठी असंच केलं होतं, कळमन्याच्या मंडईत. चार दिवसांचं काम दोन घंट्यात झालं.

अन् जुना आयफोन बर्डीच्या बाजारात पाहा. काच फुटलेला घ्या, टेस्टिंगले काय करायची काच.


फुटाळाकाठ
पुढचा रविवार, रात्री ८.१०

हिशेब द्यायला आले.

लुकबिहाइंड होतं. पिनकोडात नव्हतं, फोन नंबरच्या आधीचं +९१ ओळखायला मी कुठूनतरी उचललेल्या एका ओळीत होतं. काय करते ते मलाही धड माहीत नव्हतं. ती काढून दोन साध्या ओळी लिहिल्या. बर्डीवर साडेतीन हजारात आयफोन ७ मिळाला, काच फुटलेला, दुकानदार दोनदा म्हणाला मॅडम बदलून देतो, मी नको म्हटलं. टेस्टिंगताईंची चार ओळींची स्क्रिप्ट आधी लावली, लाल अक्षरात चूक आली, मग दुरुस्ती केली आणि फुटक्या काचेमागून लोगो वर आला. एकटीच ओरडले घरात.

बटण डीव्हीएचनं सुटलं. नेस्टिंग सपाट केलं, मुनीमजींच्या क्रोममध्ये रंग परतले. ते बघून मुनीमजी एवढंच म्हणाले, बरं. जुनाजाणता, तुमची शंका अक्षरशः खरी, साफसफाईची ओळ होती आणि मी ती तीन प्रोजेक्टांपासून आंधळेपणानं चिकटवत आले होते. आधीच्या दोन क्लायंटांना आता फोन करायचा आहे. आत्यांनी पुन्हा पत्ता भरला, कऱ्हाड नीट आलं.

पण सांगायचं आहे ते पोह्यांचं. शनिवारी सकाळी गेले. लाजच वाटत होती, पहिल्या प्लेटीला कोणाला विचारलंच नाही. मग ठेलेवाल्यानंच विचारलं, ताई, कागद कशाचा? त्याच्या फोनवर पहिलं उघडलं, आणि पुढचे अकरा लोक त्यानंच गोळा केले.

यातल्या एकाही अडचणीचं नाव माझ्या यादीत नव्हतं. एका काकांनी फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. बटणातली अक्षरं फुगली, बटण मी ठोकून ठरवलेल्या उंचीचं, म्हणून 'कार्टमध्ये' दिसतं आणि 'टाका' कापलेलं. दोन मुलांकडे सॅमसंग इंटरनेट डार्क मोडवर, त्यानं माझं पांढरं पान आपल्या मनानं काळं केलं आणि काळ्या रेघांचा लोगो त्यात बुडाला. लोगोला बारीक पांढरी कड दिली. एका बाईंनी भाषांतराची पट्टी आली तशी दाबली आणि मराठी साइट इंग्रजीत गेली, बर्फीचं नाव तर भलतंच झालं. पानाची भाषा मी इंग्रजी म्हणून ठेवली होती, साच्यात आलेली तशीच! जुनाजाणतांनी सांगितलेली नोंद मी ल आणि श साठी नंतर करू म्हणून मागे ठेवली होती. तिथेच बसून बदलली. आणि उन्हात फिकट केशरी अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती. घरात पडदे लावून डिझाइन करते मी, नागपूरच्या उन्हाचं भानच नव्हतं.

बारा प्लेटी, दोन चहा. याला इनव्हॉइसमध्ये काय नाव देऊ?

प्लेराइटही बसवलं, चालून राहिलं आहे. त्यात फायरफॉक्सची एक वाकडी ओळ सापडली, बाकी शांत.

एक अडकलंय. बारापैकी एकानं लिंक एका सोशल ॲपच्या चॅटमधून उघडली. साइट दिसली, पण 'यूपीआयनं द्या' दाबलं की 'अनोळखी पत्ता' अशा अर्थाचा एरर. त्याच फोनवर क्रोममध्ये बरोबर चालतं.


महाल_ते_मिहान
रविवार, रात्री ८.३५

ॲपच्या आत उघडणारा तो ब्राउझर म्हणजे वेबव्ह्यू. यूपीआयची लिंक एचटीटीपीनं सुरू होत नाही, तिची सुरुवातच यूपीआय अशी असते. क्रोम अशी लिंक दिसली की ती अँड्रॉइडच्या हाती देतो आणि पेमेंट ॲपांची यादी वर येते. वेबव्ह्यूमध्ये हे काम त्या ॲपवाल्यानं स्वतः लिहावं लागतं. नसेल लिहिलं तर एरर. तुमच्या हातात तो कोड नाही.

मी असं करतो: बटणाखाली क्यूआर आणि यूपीआय आयडी कायम दाखवतो, आयडीशेजारी कॉपीचं बटण. आणि 'पैसे जात नसतील तर वरच्या तीन टिंबांतून ब्राउझरमध्ये उघडा' अशी एक ओळ. सुंदर नाही, पण पैसे येतात. ब्राउझरचं नाव ओळखून काही वेगळं दाखवायच्या भानगडीत पडू नका, ती नावं खोटी असतात आणि बदलतात. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स १०० व्या आवृत्तीला पोचले तेव्हा फक्त दोन आकडे वाचणाऱ्या साइटींची अडचण झाली होती. एखादी गोष्ट येते का एवढंच विचारायचं, तू कोण आहेस हे नाही.


टेस्टिंगताई
रविवार, रात्री ९.०२

लगे हाथ अजून एक. कार्ट तुम्ही लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमध्ये, ठेवलंय ना? गिऱ्हाईक सफारी वापरत राहिलं आणि सात दिवस तुमच्या साइटकडे फिरकलं नाही, तर सफारी ते पुसते, २०२० पासून. दसऱ्याला कार्ट भरून दिवाळीला पैसे देणारे असतातच आपल्याकडे. सर्व्हरवर ठेवा.

इनव्हॉइसमध्ये 'प्रत्यक्ष उपकरण चाचणी' लिहा.


इतवारी_एक्सप्रेस
रविवार, रात्री ९.१०

इंटरनेट एक्सप्लोररचं काय केलंत?


टेस्टिंगताई
रविवार, रात्री ९.१२

१५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनंच त्याला निरोप दिला. कुठल्या कचेरीच्या जुन्या पोर्टलसाठी लागलंच तर एजमध्ये आयई मोड आहे. बर्फीला नाही लागत.


फुटाळाकाठ
रविवार, रात्री ९.३०

क्यूआर आणि कॉपीचं बटण टाकलं. कार्ट उद्या सर्व्हरवर नेते. ज्यांनी उत्तरं दिली त्यांना लिंक खासगी निरोपातून पाठवली आहे, जमेल त्या यंत्रावर उघडा आणि शिव्या द्या.

मुनीमजी साइट उघडी ठेवून बाजूला वहीतही लिहून राहिले आहेत. काका म्हणाले, राहू दे.


जुनाजाणता
रविवार, रात्री १०.०५

माझ्या जुन्या लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये पाहिली. रुपयाचं चिन्ह एका ओळीत राहतंय आणि आकडा खालच्या ओळीत जातोय, फक्त अर्ध्या किलोच्या डब्याला. मधली साधी जागा काढून न तुटणारी टाका.


फुटाळाकाठ
रविवार, रात्री १०.१९

टाकली. आता?


जुनाजाणता
रविवार, रात्री १०.२२

आता बसलं. एक किलोची ऑर्डर टाकली आहे, पत्ता मुद्दाम कऱ्हाडचा दिलाय. तिथे माझी बहीण असते.


वऱ्हाडी_झेड
रविवार, रात्री १०.३१

बाप्पा! पोह्याची आयडिया माह्यी, अन् बर्फी चालली कऱ्हाडले.